अमेरिकेत पहिली सेमी-ऑटो शॉटगन घेताय? व्हिसा स्टेटसपासून रेंजपर्यंत, एकेक पायरीनं

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी लोकांसाठी हे लिहितोय. ज्यांनी नवीन घर घेतलंय, गाव जरा आडबाजूला आहे, किंवा स्वतःचं दुकान, गॅस स्टेशन, मोटेल आहे, आणि घरात एक शॉटगन असावी असं वाटतंय पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाहीये, अशांसाठी. मी टेक्ससमध्ये राहतो, ग्रीन कार्ड आल्यावर या सगळ्यातनं गेलोय, आणि तेव्हा मराठीत काही म्हणजे काहीच सापडलं नव्हतं. इंग्रजीत माहिती ढीगभर आहे पण ती सगळी इथे जन्मलेल्यांसाठी, त्यात व्हिसा स्टेटसचा विषयच नसतो आणि आपल्यासाठी खरा धोका तिथेच आहे.

आधीच सांगतो, यात मी बंदुकीच्या मॉडेलवर जेवढं लिहिलंय त्याहून जास्त कायद्यावर आणि घरात ती कशी ठेवायची यावर लिहिलंय. कारण चुकीचं मॉडेल घेतलं तर दोन-तीनशे डॉलर जातात, पण चुकीच्या स्टेटसवर घेतली तर हा देश सोडावा लागू शकतो.

१. सगळ्यात आधी स्वतःचं इमिग्रेशन स्टेटस बघा

अमेरिकन सिटिझन असाल तर पुढच्या पायरीवर जा. ग्रीन कार्ड असेल तरी फेडरल कायद्यानं तुम्ही बंदूक घेऊ शकता, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

पण एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ अशा कुठल्याही नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या व्हिसावर असाल तर फेडरल कायदा तुम्हाला बंदूक आणि काडतुसं, दोन्ही बाळगायला मनाई करतो. बाळगणं म्हणजे फक्त विकत घेणं नाही, हातात धरणं, ताब्यात असणं हेही त्यात आलं. याला काही अपवाद आहेत, त्यातला सगळ्यांच्या तोंडी असलेला म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या स्टेटचं व्हॅलिड हंटिंग लायसन्स. कागदावर हा रस्ता कायदेशीर आहे आणि काही लोक त्यावर घेतातही. माझं मत विचाराल तर घरी कायमची बंदूक ठेवायला हा आधार फार कच्चा आहे, कारण हंटिंग लायसन्स बहुतेक वेळा दरवर्षी संपतं, आणि ते संपलं आणि तुम्ही रिन्यू करायला विसरलात तर कपाटातली तीच बंदूक दुसऱ्या दिवशी बेकायदेशीर होते. फायरआर्मच्या गुन्ह्यात दोषी ठरलं तर डिपोर्टेशन होऊ शकतं, ग्रीन कार्डवाल्यांचंसुद्धा. दहा-बारा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत काढायची आणि शेवटी यासाठी घालवायची, हे मला पटत नाही. तरी त्या रस्त्यानं जायचंच असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला, दुकानदाराशी नाही, दुकानदाराला व्हिसातलं फारसं कळत नसतं.

इथे आपल्या लोकांचे चार हमखास घोळ होतात:

- आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) भरलंय, ईएडी (कामाचा परवाना) हातात आहे, म्हणजे झालंच आता, असं समजणं. नाही. ग्रीन कार्ड अप्रूव्ह होईपर्यंत थांबा.
- नवऱ्याचं ग्रीन कार्ड आलंय पण बायको अजून एच-४ वर आहे (किंवा उलट). अशा घरात बंदूक आणि काडतुसं कुलपात हवीत आणि किल्ली किंवा कोड फक्त ज्याला परवानगी आहे त्याच्याकडेच हवा.
- भारतातनं आई-बाबा बी-२ वर, म्हणजे टुरिस्ट व्हिसावर आलेत, त्यांना गंमत म्हणून रेंजवर नेऊन एक-दोन फैरी झाडायला देणं. फोटो छान येतो, पण बी-२ वरच्या माणसाच्या हातात बंदूक देणं म्हणजे त्यांना आणि स्वतःला अडचणीत आणणं. त्यांना नायगारा दाखवा.
- एच-१बी वरचा मित्र म्हणतो, पैसे मी देतो, तू तुझ्या नावावर घे. याला स्ट्रॉ पर्चेस म्हणतात, २०२२ च्या कायद्यानंतर त्याला १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मित्र कितीही जवळचा असो, सरळ नाही म्हणा.

२. तुमच्या स्टेटमध्ये काय चालतं ते बघा

टेक्सस, जॉर्जिया, टेनेसीसारख्या स्टेटमध्ये शॉटगनवर फेडरल नियमांपलीकडे फारसं काही नाही. पण आपली मराठी वस्ती जिथे दाट आहे त्या न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, इलिनॉय, न्यू यॉर्क इथे गोष्ट पूर्ण वेगळी आहे, आणि टॅक्टिकल प्रकारची सेमी-ऑटो शॉटगन (दोन्ही शब्दांचा अर्थ पुढच्या पायरीत) तिथे नेमकी कायद्याच्या कचाट्यात सापडते.

न्यू जर्सीत आधी फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड लागतं, ते पोलीस ठाण्यामार्फत निघतं. वर सेमी-ऑटो शॉटगनच्या मॅगझिनमध्ये (काडतुसं भरायच्या नळीत किंवा डब्यात) ६ पेक्षा जास्त काडतुसं बसत असतील, किंवा तिला पिस्टल ग्रिप असेल, किंवा घडी होणारा स्टॉक (खांद्याला टेकवायचा दस्ता) असेल, तर ती तिथे असॉल्ट फायरआर्म ठरते. इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, म्हणजे बंदूक बाळगणाऱ्याचं ओळखपत्र लागतं, आणि जानेवारी २०२३ पासूनच्या कायद्यात ५ पेक्षा जास्त काडतुसांची फिक्स मॅगझिन असलेली सेमी-ऑटो शॉटगन बंद आहे. न्यू यॉर्कमध्ये फिक्स मॅगझिनची मर्यादा ७. कॅलिफोर्नियात सेफ्टी सर्टिफिकेटची परीक्षा द्यावी लागते, १० दिवस थांबावं लागतं, आणि सुटी मॅगझिन लागणारी सेमी-ऑटो शॉटगन किंवा पिस्टल ग्रिप आणि घडीचा स्टॉक दोन्ही असलेली चालत नाही.

म्हणजे बघा, पुढे मी ज्या नव्या सेमी-ऑटो सुचवणार आहे त्यात मॅगझिन ट्यूबमध्ये ७ काडतुसं बसतात, टेक्ससमध्ये त्या कायद्यानं परवानगी असलेला कुणीही घेऊ शकतो आणि न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये तीच गुन्हा ठरते. हे कायदे दरवर्षी बदलतात आणि कोर्टात त्यांच्यावर सतत केसेस चालू असतात, त्यामुळे घ्यायच्या आठवड्यात आपल्या स्टेट पोलिसांच्या किंवा ॲटर्नी जनरलच्या वेबसाइटवर एकदा बघाच. आणि एका स्टेटमधनं दुसरीकडे घर हलवताना परत बघा. नोकरीसाठी डॅलसहून न्यू जर्सीला जाणारे आपल्याकडे काही कमी नाहीत, आणि सामानाच्या ट्रकात ही वस्तू तशीच भरली तर फार मोठी पंचाईत होते.

वय फेडरल कायद्यानं शॉटगनसाठी १८ पूर्ण लागतं, काही स्टेटमध्ये २१.

३. सेमी-ऑटोच कशाला, हे स्वतःला विचारा

आपल्याकडे गावी बारा बोरची दुनळी बघितलेली असते, किंवा कोकणात ठासणीची. इथे दुकानात गेलात की शॉटगनचे मुख्य दोन प्रकार समोर येतात. पंप ॲक्शनमध्ये प्रत्येक बारानंतर पुढची मूठ मागे-पुढे ओढावी लागते. सेमी-ऑटोमध्ये बंदूक स्वतःच रिकामं काडतूस बाहेर टाकते आणि पुढचं भरते, तुम्ही फक्त परत ट्रिगर दाबायचा. टॅक्टिकल म्हणजे १८ ते २० इंचाचं आखूड बॅरल, लांब मॅगझिन ट्यूब, टॉर्च आणि साइट लावायची सोय, बाकी त्या शब्दाला काही अर्थ नाही, बरेचदा काळा रंग दिला की टॅक्टिकल म्हणून विकतात.

सेमी-ऑटोचा खरा फायदा म्हणजे धक्का कमी लागतो, विशेषतः गॅसवर चालणाऱ्या बंदुकीत. बारीक चणीच्या माणसाला, किंवा खांद्याचं दुखणं असलेल्याला, बारा बोरचं पंप चालवणं नकोसं होतं, आणि नकोसं झालं की माणूस सरावाला जात नाही. शिवाय घाबरलेल्या अवस्थेत पंप अर्धवट ओढला जातो आणि काडतूस अडकतं, तो प्रकार इथे नाही.

तोटा एकच, पण मोठा आहे. चांगली सेमी-ऑटो महाग असते आणि स्वस्त सेमी-ऑटो अडकते. माझं सगळ्यात ठाम मत हेच आहे: बजेट सहाशे डॉलरच्या खाली असेल तर सेमी-ऑटोच्या नादी लागू नका, मॅव्हरिक ८८ सारखं साधं पंप अडीचशेच्या आसपास मिळतं, वर्षानुवर्षं चालतं, ते घ्या आणि उरलेले पैसे क्लास, सेफ आणि काडतुसांवर घाला.

४. गॅस की इनर्शिया

हे जरा समजून घ्या कारण दुकानदार हे शब्द भराभर फेकतो.

गॅस सिस्टिममध्ये बॅरलला बारीक छिद्रं असतात, बार उडाला की थोडा गॅस तिथनं पिस्टनला ढकलतो आणि ॲक्शन चालते. धक्का विभागला जातो म्हणून खांद्याला मऊ लागते. पण पिस्टनवर काजळी धरते, साफ करावी लागते.

इनर्शियामध्ये बंदुकीला बसणाऱ्या धक्क्यावरच बोल्टमधली स्प्रिंग दाबली जाते आणि त्या जोरावर ॲक्शन चालते. भाग कमी, घाण कमी, वजन हलकं. पण यात एक मेख आहे, बंदूक मागे हलली तरच ती चालते. खांद्याला नीट घट्ट टेकवली नाही, किंवा टॉर्च, जादा काडतुसांचं होल्डर असं बरंच वजन लावलं, किंवा फार हलकी काडतुसं वापरली, की काडतूस नीट बाहेर पडत नाही. त्यामुळे नवशिक्या माणसाला, आणि ज्या घरात दोघांनी वापरायची आहे तिथे, मी गॅसच सुचवतो.

५. कुठलं मॉडेल बघायचं

किंमती अंदाजे धरा, सेल आणि स्टेट टॅक्सप्रमाणे शे-दीडशे इकडे-तिकडे होतात.

बेरेटा ए३०० अल्टिमा पॅट्रोल. हजार डॉलरच्या आसपास. गॅसवर चालते, १९.१ इंच बॅरल, ट्यूबमध्ये ७ आणि चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाला, जिथनं बार उडतो) १. टेनेसीतल्या गॅलटिनच्या कारखान्यात बनते. स्टॉक आखूड आहे, तेरा इंचाच्या आसपास, आणि स्पेसर लावून वाढवता येतो. आपल्या उंचीच्या लोकांना हे फार सोयीचं पडतं, कारण बऱ्याच अमेरिकन शॉटगनचा स्टॉक उंच माणसाच्या हिशोबानं चौदा इंचांच्या वर असतो आणि आपल्याला मग पुढे झुकण्याऐवजी मागे कलावं लागतं, धक्का दुप्पट वाटतो. बजेट बसत असेल तर माझी पहिली पसंती हीच.

मॉसबर्ग ९४० प्रो टॅक्टिकल. हीसुद्धा साधारण त्याच किंमतीत. १८.५ इंच बॅरल, ७ आणि १, गॅस. स्टॉकची लांबी १२.५ पासून १४.२५ इंचापर्यंत बदलता येते, म्हणजे घरात एक जण सहा फूट आणि एक जण पाच फूट असेल तरी जमतं. सेफ्टी वर अंगठ्याशी आहे, डावखुऱ्यांना अगदी सोपं. छोटं रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी साइट) थेट वर बसतं. ही आणि ए३००, दोन्ही दुकानात खांद्याला लावून बघा आणि जी बसते ती घ्या, उगाच महिनाभर व्हिडिओ बघत बसू नका.

स्टोगर एम३००० फ्रीडम सीरिज डिफेन्स. सहाशेच्या आसपास. तुर्कस्तानात बनते, बेनेलीच्या घरचीच कंपनी, इनर्शियावर चालते. स्वस्तात जी सेमी-ऑटो मी घ्या म्हणेन ती हीच, फक्त वर सांगितलेलं इनर्शियाचं पथ्य पाळायचं आणि सुरुवातीला जोरदार काडतुसांवर ती मोकळी करून घ्यायची.

जुन्या बाजारात मॉसबर्ग ९३० दिसते, ९४० च्या आधीची. चांगली निगा राखलेली असेल तर पैसे वाचतात पण गॅस पिस्टन आणि त्याच्या आसपासचे भाग उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका.

आता नको कुठल्या ते. बेनेली एम४ ही अमेरिकन मरीन्सची बंदूक, उत्तमच आहे पण दोन हजाराच्या वर जाते. तिच्यासारख्या हुबेहूब दिसणाऱ्या तुर्की बंदुका चारशे-पाचशेत मिळतात आणि मोह फार होतो. त्यातल्या काही चालतात, काही चालत नाहीत, आणि तुमच्या हातात आलेली कुठली आहे हे घेतल्यावरच कळतं. आयात करणारी कंपनी दोन वर्षांनी नाव बदलते, मग स्प्रिंग किंवा पिन कुठनं आणायची? खाली लांब डबा मॅगझिन लावलेल्या, रायफलसारख्या दिसणाऱ्या शॉटगनचंही तेच. शॉटगनचं काडतूस प्लॅस्टिकचं, गोल कडेचं असतं, डब्यात दाबून ठेवलं की चेपतं आणि अडकतं. हौस म्हणून रेंजवर न्यायला हरकत नाही, घराच्या भरवशासाठी नको.

६. घ्यायला जाताना काय लागतं

- फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र, म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्टेट आयडी, आणि त्यावर सध्याचा पत्ता
- पत्ता बदललेला असेल तर नवीन पत्त्याचं दुसरं सरकारी कागद, जसं की गाडीचं रजिस्ट्रेशन. खासगी कंपनीचं लाइट बिल चालत नाही, बँक स्टेटमेंट चालत नाही
- ग्रीन कार्डवाल्यांनी ओरिजिनल ग्रीन कार्ड, फॉर्मवर त्याचा नंबर टाकावा लागतो
- स्टेटला लागत असेल ते कार्ड किंवा परमिट
- ऑनलाइन घेतली असेल तर ऑर्डरची पावती

परत सांगतो, पत्ता. नवीन घरात राहायला गेलो, लायसन्स जुन्याच पत्त्याचं, आणि दुकानातनं हात हलवत परत आलो, ही कथा प्रत्येकाकडे आहे. आधी डीएमव्हीचं काम उरका.

ऑनलाइन घेतली तरी बंदूक घरी येत नाही, ती लायसन्सधारक दुकानात येते, त्याला एफएफएल म्हणतात, आणि तिथे जाऊन फॉर्म भरूनच ताब्यात मिळते. दुकान त्याचे पंचवीस-पन्नास डॉलर घेतं. ऑनलाइन चाळीस डॉलर स्वस्त दिसली आणि ट्रान्सफर फी आणि शिपिंगमध्ये साठ गेले असं होतं, बेरीज करून बघा.

७. फॉर्म ४४७३ आणि बॅकग्राउंड चेक

दुकानात एटीएफचा, म्हणजे बंदुकांचं काम बघणाऱ्या फेडरल खात्याचा, फॉर्म ४४७३ भरावा लागतो. घाई करू नका. नाव पासपोर्ट-ग्रीन कार्डवर जसं आहे तसंच पूर्ण लिहा, वडिलांचं मधलं नाव असेल तर तेही पूर्ण, नुसतं आद्याक्षर नाही. आपल्यात निम्म्या लोकांचं लायसन्सवर एक नाव, ग्रीन कार्डवर दुसरं, कुठे मधलं नाव पहिल्या नावाला जोडलेलं, अशी भानगड असते. तुमचं तसं असेल तर बंदुकीच्या आधी तेच सरळ करून घ्या.

देशाचं नागरिकत्व, इमिग्रेशन स्टेटस, खरा खरेदीदार तुम्हीच का, घरगुती हिंसाचाराची केस, रिस्ट्रेनिंग ऑर्डर, हे सगळं विचारतात. गांजाचा प्रश्न नीट वाचा, स्टेटमध्ये कायदेशीर असला तरी फेडरल कायद्यात नाही हे फॉर्मवरच छापलेलं असतं. खोटं लिहिणं हा स्वतःच फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा आहे.

मग दुकानदार एफबीआयच्या निक्स सिस्टिमवर चेक करतो (काही स्टेट स्वतःचं करतात). उत्तर तीनपैकी एक येतं: पुढे जा, थांबा, किंवा नाही. सिटिझन नसलेल्यांचा इमिग्रेशनचा रेकॉर्डही तपासतात, त्यामुळे आपल्याला 'थांबा' जरा जास्त वेळा येतं. घाबरायचं काही नाही, दुकानदाराकडून रेफरन्स नंबर घ्या आणि घरी जा, काही दिवसांत सुटतं. तीन कामाचे दिवस उलटूनही उत्तर आलं नाही तर फेडरल कायदा दुकानदाराला बंदूक द्यायची मुभा देतो, पण बरेच दुकानदार देत नाहीत आणि तो त्यांचा हक्क आहे, वाद घालू नका. २१ च्या खालच्यांना २०२२ पासून चेकला जास्त वेळ लागतो. दर वेळेस नावात गोंधळ होऊन अडत असेल तर एफबीआयकडे अर्ज करून एक कायमचा ओळख नंबर मिळतो, यूपिन म्हणतात त्याला, पुढच्या वेळी तो फॉर्मवर टाकायचा.

ओळखीच्या माणसाकडून जुनी घेत असाल, तरी माझा सल्ला आहे की दुकानात जाऊन ट्रान्सफर करा. बऱ्याच स्टेटमध्ये ते सक्तीचंच आहे, जिथे नाही तिथेही पंचवीस-पन्नास डॉलरमध्ये तुमच्या हातात पक्का कागद राहतो. आणि जुनी बंदूक असेल तर सिरियल नंबर खरवडलेला नाही ना, बॅरलला पोच किंवा फुगवटा नाही ना, आणि बॅरल कापलेलं नाही ना हे बघा. १८ इंचापेक्षा आखूड बॅरल, किंवा एकूण लांबी २६ इंचाच्या आत, म्हणजे ती १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली जाते आणि रजिस्ट्रेशनशिवाय ती ठेवणं हा फेडरल गुन्हा आहे.

अजून एक, हे तर अमेरिकन लोकांनाही माहीत नसतं. आयात केलेल्या सेमी-ऑटो शॉटगनला घरी लांब मॅगझिन ट्यूब, पिस्टल ग्रिप वगैरे लावायचं म्हटलं तर ९२२ आर नावाचं कलम लागू होऊ शकतं, त्यात विदेशी भाग किती असावेत याची मोजणी असते. त्यापेक्षा कारखान्यातनं जशी हवी तशीच घ्या, वर त्यात काही बदल करू नका.

८. पैसे कुठे घालायचे

बंदूक घेऊन सगळं बजेट संपवणं हा सगळ्यात मोठा सापळा. हजार डॉलर असतील तर सहाशेची बंदूक आणि चारशे बाकी सगळ्याला असा हिशोब करा. क्रम माझ्या मते असा: आधी कुलूप किंवा छोटा लांब सेफ, मग कानाचं आणि डोळ्यांचं संरक्षण, मग क्लास, मग काडतुसं, मग बंदुकीवरची टॉर्च. रेड डॉट, जादा काडतुसांचे होल्डर, रंगीत ग्रिप हे नंतर कधीतरी, नाही घेतलं तरी बिघडत नाही. टॉर्च मात्र हवी, अंधारात समोर कोण आहे हे बघितल्याशिवाय ट्रिगरवर बोट जाता कामा नये. रात्री दोनला पाणी प्यायला उठलेली आपलीच मुलगी असू शकते.

बारा बोरचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो, कानातले बोळे आणि वर मफ असे दोन्ही लावा.

क्लास नक्की करा. स्टेटचा हंटर एज्युकेशन कोर्स स्वस्त असतो, शिकार करायची नसली तरी त्यात बंदूक हाताळायचं मूळ व्याकरण शिकवतात. टेक्ससमध्ये २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीसाठी तो लागतोच. त्यानंतर एक प्रत्यक्ष शॉटगनचा क्लास.

९. काडतुसं

तीन जाती. बर्डशॉट, बारीक छर्रे, सरावासाठी, २५ च्या डब्याला दहा डॉलरच्या आसपास. बकशॉट, मोठे छर्रे, डबल-ओ मध्ये साधारण आठ किंवा नऊ, प्रत्येकी .३३ इंचाचा. आणि स्लग, एकच मोठा गोळा. लांबी पावणेतीन इंचीच घ्या, तीन इंची नुसता खांदा सोलतात. पावणेदोन इंची छोटी काडतुसं सेमी-ऑटोत बहुतेक चालत नाहीत.

एक गोष्ट जिवाची आहे: २० गेजचं (गेज म्हणजेच बोर) काडतूस १२ गेजची बंदूक असलेल्या घरात कधीही ठेवू नका. ते १२ च्या चेंबरमधनं आत सरकून बॅरलमध्ये अडकतं, मागनं १२ चं भरलं आणि उडवलं की बॅरल फुटतं. म्हणून २० ची काडतुसं पिवळ्या रंगाची बनवतात. पिवळं दिसलं की बाजूला.

आणि शॉटगनला नेम लागत नाही, छर्रे खोलीभर पसरतात, हे साफ खोटं आहे. खोलीच्या अंतरावर बकशॉट तळहाताएवढ्या जागेत जातं, नेम धरावाच लागतो. शिवाय इथली घरं आपल्यासारखी विटांची नसतात, लाकडाचा सांगाडा आणि ड्रायवॉल. बकशॉट त्यातनं आरपार पलीकडच्या खोलीत जातं. कुठल्या भिंतीमागे मुलं झोपतात हे आधीच डोक्यात पक्कं हवं.

१०. रेंजवर तपासून घ्या

नवी बंदूक आधी उघडून पुसा, तिच्यावर कारखान्याचं ग्रीस असतं. मॅन्युअल वाचा, कुठे तेल द्यायचं ते लिहिलेलं असतं. रेंजला फोन करून विचारा, बऱ्याच इनडोअर रेंजवर छर्रे चालत नाहीत, फक्त स्लग चालतात, त्यामुळे उघड्यावरची रेंज शोधा.

सुरुवातीला शंभरेक बर्डशॉट, तेही जरा जोरदार लोडची. पहिल्या डब्यात एखादं अडकलं तर ठीक आहे, शंभरीनंतरही अडकत असेल तर कंपनीला परत पाठवा. मग घरात जे ठेवायचं ठरवलंय ते बकशॉट कमीत कमी पंचवीस, एकही न अडकता. अडकलं तर काडतुसाचा ब्रँड बदलून परत पंचवीस. तुमच्या घरातलं सगळ्यात लांब अंतर मोजा, तेवढ्यावर कागद लावून बघा छर्रे किती पसरतात, जे काडतूस सगळ्यात घट्ट जातं ते ठेवा.

घरी आल्यावर हात-तोंड साबणानं धुवा, कपडे वेगळे टाका, बूट दाराबाहेरच. शिसं असतं त्यात, आणि घरात रांगणारं मूल असेल तर हे अजिबात सोडू नका.

११. घरात ठेवायची पद्धत

बहुतेक शॉटगनची सेफ्टी फक्त ट्रिगर अडवते, बंदूक पडली तर काय होईल याची हमी त्यात नसते. म्हणून घरात चेंबर कायम रिकामं, काडतुसं लागलीच तर ट्यूबमध्ये, आणि बंदूक कुलपात. पलंगाखाली, कपाटामागे, दाराच्या कोपऱ्यात उभी, असं काही नाही. टेक्ससमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा गुन्हा आहे, इतर अनेक स्टेटमध्येही आहे. केबलचं कुलूप प्रोजेक्ट चाइल्डसेफ या उपक्रमात पोलिसांकडून फुकट मिळतं, त्यामुळे पैसे नव्हते हे कारण नाही.

घरात कुणी नैराश्यातनं जात असेल, कुणाची नोकरी गेलीय, दारू वाढलीय, तर त्या काळात बंदूक घरात नको. घेतली नसेल तर पुढे ढकला, घेतली असेल तर कायदेशीररीत्या ठेवू शकणाऱ्या नातेवाइकाकडे किंवा साठवणुकीची सोय असलेल्या दुकानात ठेवा. आपल्या घरांत या गोष्टी बोलल्या जात नाहीत, पण इथे बोलायलाच हव्यात.

१२. भारतात जाताना

बंदूक भारतात न्यायचा विचारही करू नका, सेमी-ऑटो शॉटगन तिथे प्रतिबंधित गटात येते, साध्या लायसन्सवर ठेवता येत नाही. दोन महिने सुट्टीवर जाताना घर बघायला मित्राला किल्ली देत असाल तर तो कुठल्या व्हिसावर आहे ते बघा आणि सेफचा कोड त्याला देऊ नका.

आणि रेंजला नेता ती सॅक प्रवासाला वापरू नका, कधीच. शिवणीत, बाजूच्या खिशात एखादं काडतूस राहून जातं, आणि मुंबईच्या विमानतळावर स्क्रीनिंगमध्ये ते दिसलं की आर्म्स ॲक्टखाली केस होते, विमान जातं, आणि ती निस्तरायला वकील आणि कोर्टाच्या तारखा मागे लागतात. रेंजची सॅक वेगळी घ्या, तिच्यावर मार्करनं मोठं लिहून ठेवा, आणि जाकिटाचे, कार्गो पँटचे खिसेही बॅग भरायच्या आधी उलटे करून बघा.